घरातले दहा मीटर

अभिनव बिंद्राने 11 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंगला 10 मीटर एअर रायफलचे सुवर्ण जिंकले, तेव्हा वडिलांनी घरच्या आवारात बांधून दिलेल्या त्याच्या खासगी रेंजची फार चर्चा झाली. नेमबाजी हा बंगलेवाल्यांचा खेळ, असे अनेकांनी तेव्हाच ठरवून टाकले. दहा वर्षांनी जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत एअर पिस्तूलचे सुवर्ण मिळाले ते मेरठजवळच्या कलिना गावच्या सौरभ चौधरीला. वय सोळा, घर शेतकऱ्याचे, आणि सरावाची जागा त्या घरातही होती. तेव्हा धुळ्यात हे का जमू नये? पुण्याच्या बालेवाडीची नेमबाजी रेंज इथून रात्रभराच्या बसच्या अंतरावर आहे, रोज जाता येत नाही. उलट जुन्या धुळ्यात, नंबरांच्या गल्ल्यांमध्ये, पुढच्या ओट्यापासून मागच्या परसापर्यंत लांबच लांब गेलेली अरुंद घरे अजून आहेत. घरात रेंज उभारायची ही कृती मुख्यतः तशा घरांसाठी. देवपुरात किंवा साक्री रोडला नवा बंगला असेल तर गच्चीवरच्या शेडमध्येही हेच करता येते. मात्र उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होते ते धुळेकरांना सांगायला नको.

आधी कायद्याचे. इथे सांगितले आहे ते फक्त छर्ऱ्याच्या एअर रायफल आणि एअर पिस्तूलबद्दल. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर म्हणजे 0.177 इंच व्यासापर्यंतची आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअरगन परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो. ती द्यावी, आणि बिल आयुष्यभर जपावे. स्पर्धेची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 ते 175 मीटर वेगाने सोडते. ही ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. बारूदाचे कोणतेही हत्यार, अगदी पॉइंट टू-टूसुद्धा, घरात चालवायचे नाही; घरी परवाना असला तरी नाही. काम सुरू करण्याआधी पोलीस ठाण्यात साधा माहितीचा अर्ज देऊन पोच घ्यावी आणि शेजाऱ्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगून यावे. गल्लीतल्या भिंती सामायिक असतात आणि अफवेला दार लागत नाही. पैसे घेऊन मुलांना शिकवायचे मनात असेल तर तो घरगुती सराव राहत नाही. ते क्लबचे काम, त्याची परवानगी वेगळी.

आता जागा. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या कागदापर्यंत 10 मीटर हवेत, म्हणजे 32 फूट 10 इंच, आणि त्यात पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. नेमबाजाला मागे उभे राहायला पाच-सहा फूट आणि टार्गेटमागच्या पेटीला दीड फूट धरले तर एकूण सुमारे 40 फूट लांबी लागते. रुंदी एका माणसाला एक मीटर पुरते, पण मोकळेपणासाठी चार फूट ठेवावी. एवढी लांब खोली कुणाकडेच नसते. असतात त्या एका रेषेत दारे असलेल्या तीन खोल्या. दारांतून नेम धरायला काही हरकत नाही, खरी काळजी आहे ती बाजूच्या दारांची. पुढची रेघ मारण्याआधी, टेप काढण्याआधी, छर्रा जाणार त्या पट्ट्यात उघडणारे प्रत्येक बाजूचे दार, जिना आणि खिडकी मोजा. पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक दाराला आतून कडी हवी. जे दार आतून बंद करता येत नाही, ते कायमचे बुजवा किंवा रेंजचा विचार सोडा. स्वयंपाकघरात जायचा एकमेव रस्ता पट्ट्यातून असेल, तरीही सोडा. घरातली माणसे नियम पाळतील हे मान्य, पण पाहुणे आणि मांजरे पाळत नाहीत.

मोजमापात जुनी घरे एक खोडी काढतात. ओटा, पुढची खोली, माजघर यांच्या जमिनी एका पातळीत नसतात. दर उंबऱ्याला तीन-चार इंचांचा चढउतार असतो. टार्गेटचा मध्य 1.40 मीटर उंच हवा, आणि ही उंची मोजायची ती नेमबाज उभा आहे त्या जमिनीपासून. टार्गेटखालच्या जमिनीचा तिच्याशी संबंध नाही. म्हणून गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा. एक टोक फायरिंग लाइनवर 1.40 मीटरच्या खुणेला धरा, दुसरे टोक समोरच्या भिंतीवर न्या, पाणी जिथे स्थिरावेल तिथे पेन्सिलीने खूण करा. अंतरही जमिनीवरून न मोजता त्याच उंचीवर पोलादी टेप ताणून मोजावे, उंबऱ्यावरून टेप उचलला जातो आणि इंचभर खाऊन टाकतो. फायरिंग लाइनवर जमीन हलती फरशी असेल तर ती आधी सिमेंटात बसवून घ्या. साडेपाच किलोपर्यंतची रायफल खांद्याला असताना पायाखालची फरशी डुचमळली तर पुढचे सगळे व्यर्थ.

पैसे कुठे घालायचे याबद्दल माझे मत पक्के आहे: आधी समोरची भिंत, मग उजेड, आणि बंदूक सगळ्यांत शेवटी. बहुतेक घरांत हे उलटे होते. महागडी रायफल कपाटात येते आणि टार्गेट म्हणून खोक्याचा पुठ्ठा लावला जातो.

भिंतीचे मुख्य अंग म्हणजे छर्रे झेलणारी पेटी, नेमबाजांच्या भाषेत ट्रॅप. वेल्डरकडून 3 मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याची पेटी करून घ्या. तोंड 45 बाय 45 सेंटिमीटर, खोली साधारण तेवढीच. स्पर्धेतले कागद लहान असतात, रायफलचे 8 सेंटिमीटरचे आणि पिस्तूलचे 17 सेंटिमीटरचे, पण नवख्याचा छर्रा कागदाबाहेर जातो तेव्हा तो पेटीतच पडला पाहिजे. आत 4 मिलिमीटरचा पत्रा 45 अंशांत तिरपा बसवायचा, वरची कड नेमबाजाकडे आणि खालची मागे, म्हणजे आदळलेला छर्रा खाली वळतो. तळाच्या ट्रेमध्ये जुन्या कापडाच्या जाड घड्या ठेवा. वेल्डिंगच्या फटी राहू देऊ नका, छर्रा चपटा होतो तेव्हा त्याच्या चकत्या उडतात आणि फट शोधतात. पेटीखाली ट्यूबच्या रबराचे तुकडे घाला. एअरगनचा आवाज टाळीएवढाच असतो, शेजाऱ्यांना जागे करतो तो पत्र्याचा खणखणाट.

पेटीच्या चहूबाजूंना काय लावायचे? नुसती दगडी भिंत किंवा फळी नको, दोन्हींवरून छर्रा परततो. खानदेशात घरोघरी असणारी जुनी गोधडी इथे उत्तम काम करते. छतापासून जमिनीपर्यंत, भिंतीपासून वीतभर पुढे, वरच्या दांडीला अडकवून सोडायची. खाली बांधायची नाही आणि ताणायची तर मुळीच नाही. सैल कापड छर्ऱ्याचा वेग गिळते, ताणलेले कापड भोक पाडून घेते. भोके पडत जातील तशी गोधडी सरकवा, बदला. आणि छर्रे फक्त शिशाचे वापरा. स्वस्त बंदुकीतून सुटणाऱ्या पोलादी गोळ्या या पेटीत चालत नाहीत, त्या जशाच्या तशा डोळ्याकडे परत येतात.

पेटी बसली की पहिली चाचणी. तोंडासमोर जमिनीवर दोन मीटरपर्यंत पांढरे कागद अंथरा, डोळ्यांना सुरक्षा चष्मा लावा आणि टार्गेट न लावता पेटीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर पाच-पाच छर्रे मारा. मग कागद बघा. शिशाचे कण कागदावर दिसले तर तिरपा पत्रा पुरेसा तिरपा नाही किंवा कड पुढे आली आहे. कागद स्वच्छ येईपर्यंत पुढचे काम थांबवा.

टार्गेटचे कार्ड बदलायला दर वेळी पुढे चालत जाणे हा वेळेचा अपव्यय, आणि घरातल्या रेंजवरचा मोठा धोकाही. म्हणून दोन जाड तारा टर्नबकलने ताणून त्यांवर कार्डाची चौकट सरकवा. ओढायला नायलॉनची दोरी आणि हाताने फिरवायचे चाक. सायकलच्या जुन्या रिमला मूठ बसवून हे चाक सुरेख होते. तारा कालांतराने झोळतात, महिन्यातून एकदा पाण्याच्या नळीने उंची पुन्हा तपासा.

उजेडात फसगत सर्वांत जास्त. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टार्गेटवर किमान 1500 लक्स हवेत आणि बाकीच्या खोलीत किमान 300. दुसरा आकडा लोक विसरतात. टार्गेट लख्ख आणि खोली अंधारी ठेवली की बाहुली मोठी होते, काळ्या वर्तुळाची कड पसरते आणि तासाभरात डोके धरते. टार्गेटवर एलईडी फ्लडलाइट लावा, पण तो पुढच्या आडोशाच्या पट्टीमागे असा की फायरिंग लाइनवरून दिवा स्वतः दिसू नये. खोलीत साध्या ट्यूब पुरतात. टार्गेटमागचा भाग चुन्याचा फिका, निस्तेज रंगवा. तेलरंगाची चकाकी नेमात घुसते. मोबाईलवरचे लक्स मोजणारे अ‍ॅप अचूक नसते, तरी चारही कोपरे सारखे उजळलेत का एवढे त्यावर कळते.

हवा नेमबाजाकडून टार्गेटकडे वाहायला हवी. एक्झॉस्ट पंखा पेटीच्या बाजूच्या भिंतीत, खिडकी पाठीमागे. शिशाची सूक्ष्म धूळ होते, म्हणून रेंज केरसुणीने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. तिथे चहा-फराळ काही नाही, आणि बाहेर पडताना हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. लहान मुले आणि गरोदर बाई यांच्याकडून पेटी साफ करून घेऊ नये. ट्रेमधले शिसे डब्यात भरून, झाकण लावून ठेवावे.

धुळ्याचा मे वेगळा सांगायला हवा. पारा 44 च्या आसपास असताना कॅनव्हासचे जाड जॅकेट आणि पँट घालून दुपारी उभे राहणे म्हणजे शिक्षा आहे. धाब्याच्या जुन्या घरात मातीचे छप्पर उष्णता उशिरा आत सोडते, तिथे पहाटेपासून नऊपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला. पत्र्याच्या शेडमध्ये साडेसातलाच आटोपावे. कूलर लावायचाच तर झोत अंगावर नको आणि सराव चालू असताना तर बंदच, रायफलपेक्षा पिस्तूलचा हात त्याने आधी हलतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीचा सिलेंडर साधारण 200 बारपर्यंत भरलेला असतो. तो गाडीत, गच्चीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवायचा नाही. भरायचा तर हातपंपाने किंवा श्वसनाच्या शुद्ध हवेच्या सिलेंडरवरून. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा नको आणि ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाच्या अंशाशी त्याचा स्फोट होतो. सिलेंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत साधारण दहा वर्षांची असते, ती संपली की तो वापरातून काढा.

घराचे नियम मोजके हवेत, पण मोडायचे नाहीत. बाजूची दारे आतून बंद झाल्यावर बाहेरचा लाल दिवा लावायचा, मग बंदूक कपाटातून काढायची. छर्रा भरायचा तो फक्त लाइनवर, नळी समोर ठेवून. नेम नसेल तेव्हा नळीतून आरपार केशरी नायलॉनची दोरी, दोन्ही टोके बाहेर दिसतील अशी. सराव संपला की बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपांत.

ज्यांच्याकडे चाळीस फूट नाहीतच त्यांनी पाच मीटरवर टार्गेट निम्म्या आकाराचे करावे: रायफलचे 30.5 मिलिमीटरचे काळे वर्तुळ 15 वर येते, फोटोकॉपी पन्नास टक्क्यांवर केली की झाले. छर्रा मात्र निम्मा होत नाही, त्यामुळे गुण खोटे उदार येतात. ते लिहून ठेवू नयेत, उभे राहणे आणि ट्रिगर तेवढे घोटावे. खरे सांगायचे तर पूर्ण लांबीची रेंज असली तरी निम्मा सराव छर्ऱ्याविनाच करावा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून, ट्रिगर दाबताना पुढची साइट हलते का एवढेच पाहायचे. पिस्तूलचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो, आणि तेवढे वजन नेम न हलवता दाबायला शिकण्यातच बहुतेकांचे पहिले वर्ष जाते.

घरचे कार्ड स्पर्धेत मोजले जात नाही. जिल्हा आणि राज्य संघटनेमार्फत पुढे जाता येते, आणि राष्ट्रीय पात्रतेच्या वाटेवर जी. व्ही. मावळणकर स्पर्धा लागते. तिथे रायफलच्या साठ फैरींना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटे मिळतात, शेजारी दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात आणि उजेड आपला नसतो. त्यामुळे पंधरवड्यातून एकदा घरी पूर्ण साठ फैरी घड्याळ लावून माराव्यात, मागे घरातल्या दोघा-तिघांना मुद्दाम बडबडत बसवून. त्यांच्या खुर्च्या फायरिंग लाइनच्या मागे, आणि दारांच्या कड्या तेव्हाही लावलेल्या.