बसल्या हरणाला उठवू नये

ओकच्या वाळक्या पानांतला तो लांबट खळगा मी तळहाताने चाचपला. अजून उबदार होता. कडेच्या पानांना राखाडी, जाड केस चिकटले होते आणि शेजारी ओल्या, चकचकीत लेंड्या पडल्या होत्या. खालच्या उतारावर फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि पांढरी शेपटी उभारून एक मोठा नर नाल्यापलीकडे गेला. तो १२ नोव्हेंबर २०१७ चा रविवार. बंदुकीचा हंगाम सहा दिवसांवर आला होता. जागा अचूक सापडली म्हणून मला फार आनंद झाला. त्या आनंदाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची चंद्रपूरची. वडील वनरक्षक होते. चितळाचे खूर कसे उमटतात, सांबराच्या लेंड्या किती जुन्या आहेत, पाणवठ्यावर रात्री कोण येऊन गेलं, हे मी शाळेच्या सुट्टीत त्यांच्या मागे फिरून शिकले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या त्या घरात शिकारी म्हणजे गुन्हेगार, एवढाच अर्थ होता. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात संसार मांडला. इथे हरणांना मारणारे लांडगे जवळजवळ उरलेले नाहीत. मका, सोयाबीन आणि ओकची कोवळी रोपं हरणं फस्त करतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला परवान्याची शिकार हा इथल्या सरकारी व्यवस्थेचाच भाग आहे, आणि एका हरणाचं मांस घरात कित्येक महिने पुरतं. हे मनाला पटायला मला बरीच वर्षं लागली. पटल्यावर मी रीतसर शिक्षण घेतलं. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याशिवाय इथे सहसा परवाना मिळत नाही.

आमच्या शेजारच्या शेतकरी आजोबांनी त्यांच्या रानात फिरायची परवानगी दिली. त्यांचा नातू त्या वर्षी पहिल्यांदा बंदूक घेऊन बसणार होता. ‘तुला माग काढता येतो, तर जागा तू बघ,’ असं त्यांनी मोठ्या विश्वासाने सांगितलं.

मी ऑक्टोबरपासून दर रविवारी गेले. पायवाट धरून डोंगराच्या सोंडेपर्यंत, थेट त्या खळग्यापर्यंत. तिथे एका झाडाला कॅमेरा बांधला आणि दर आठवड्याला त्यातलं कार्ड बदललं. पहिल्या आठवड्याच्या फोटोत तो नर दुपारी चारच्या उन्हात रवंथ करत बसलेला दिसला. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचे फोटो फक्त रात्री एक-दोनच्या सुमाराचे येऊ लागले. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. नोव्हेंबर हा त्यांचा माजाचा काळ, नर रात्रीबेरात्री भटकणारच, अशी मी समजूत घातली. १२ तारखेला त्याला प्रत्यक्ष उठवलं. त्यानंतरचे फोटो रिकामे.

हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. तो पोरगा रोज पहाटे अंधारात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत मचाणावर चढला आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने उतरला. नवव्या दिवशी त्याने मला विचारलं, ‘माझं काही चुकलं का?’ चूक माझी होती. मी तसं त्याला आणि आजोबांना सांगितलं. आजोबा रागावले नाहीत. ‘फेब्रुवारीत ये, बरोबर फिरू,’ एवढंच म्हणाले.

चंद्रपूरला फोन केला तेव्हा वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘माग घेताना आपला माग मागे सोडायचा नसतो, बाळा. हे तुला शिकवायचं राहिलं.’

फेब्रुवारीत आजोबांबरोबर गुडघाभर बर्फातून फिरले आणि पुढच्या वर्षांत जे शिकत गेले, ते आता नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. हरणाची बसायची जागा शोधायचा खरा काळ म्हणजे हंगाम संपल्यानंतरचा, फेब्रुवारी ते एप्रिलचा सुरुवातीचा भाग. झाडं निष्पर्ण असतात, त्यामुळे डोंगराचा उतार उघडा दिसतो. गेल्या शरदातल्या खुणा अजून ताज्यासारख्या असतात. गळून पडलेली शिंगंही याच दिवसांत सापडतात. हरीण उठलंच तरी पुढच्या हंगामाला सात-आठ महिने असतात. पालवी फुटली की सगळं झाकलं जातं. त्या आधी मनसोक्त फिरून घ्या.

दुसरी गोष्ट खळगा वाचण्याची. लहान-मोठे चार-पाच खळगे एकमेकांजवळ असतील, तर ती माद्या आणि पाडसांची बैठक समजा. एकच मोठा, साधारण चार फूट लांबीचा खळगा असेल आणि जवळच्या रोपट्यांची साल खरवडून पिवळसर लाकूड उघडं पडलं असेल, तर तिथे नर बसत असण्याची शक्यता मोठी. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये शिंगांवरची मखमल उतरते, तेव्हापासून नर अशी झाडं घासतात. पायवाटेवरच्या अशा घासलेल्या बाजू एका ओळीत पाहिल्या, तर तो कुठून कुठे जात होता याचा अंदाज येतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झुकलेल्या फांदीखालची जमीन खुरांनी उकरलेली दिसते. तिथे मात्र नर बहुधा रात्री येतात, त्यामुळे नुसत्या उकरलेल्या जागेवर भरवसा ठेवून मचाण बांधू नका.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट वाऱ्याची. आमच्याकडे नोव्हेंबरात वारा बरेचदा वायव्येकडून येतो. तेव्हा नर डोंगराच्या वाऱ्याआडच्या उतारावर, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, सोंडेच्या टोकाशी बसतो. माथ्यावरून येणारा वास त्याला पाठीकडून मिळतो. दिवसा उन्हाने तापलेली हवा खालून वर चढते, ती दरीतला वास नाकाशी आणते. समोरचं सगळं डोळ्यांना दिसतं. म्हणजे तिन्ही बाजूंनी त्याची राखण चालू असते. संध्याकाळी हवा गार होऊन उताराने खाली वाहू लागते. तेव्हा तुमचा वासही पाण्यासारखा खाली वाहत जातो.

हे पाहायला आजोबांनी मला मिल्कवीडची फुटलेली बोंडं खिशात ठेवायला शिकवलं. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं. लहानपणी ज्यांना आपण म्हाताऱ्या म्हणून फुंकायचो, तसेच त्याचे रेशमी तंतू. एक सोडला आणि पाहत राहिलं की वारा कुठे वळतो, कुठे खाली बसतो, हे डोळ्यांना दिसतं. मी त्या खळग्यापासून शंभर पावलांवर एक सोडला. तो तरंगत गेला तो थेट खळग्यावर. ऑक्टोबरात मी दर रविवारी स्वतःचा वास कुठे पाठवत होते, हे तेव्हा कळलं.

चौथी गोष्ट अंतराची. बैठक सापडली की नकाशावर खूण करा आणि मागे फिरा. मचाण बांधायचं ते बैठक आणि चरायची जागा यांच्या मधल्या वाटेवर, आणि तिथे जायची-यायची वाट हरणाच्या वाऱ्यात येणार नाही अशी. उन्हाळ्यात पाहणी करायची तर शेताच्या बांधावरून, दुर्बिणीतून. कॅमेराही बैठकीत नको, तो कडेला, आणि त्याच्याकडे वारंवार जायचं नाही. एकदा उठलेलं हरीण कायमचं जातंच असं नाही. पण पुन्हा पुन्हा उठवलं, की ते दिवसाउजेडी हलायचं थांबवतं.

पाचवी गोष्ट तुमच्या जिवाची. मला मार्चच्या एका फेरीनंतर गुडघ्यामागे गोचीड सापडली. दहा दिवसांनी तिथे लाल वर्तुळ उमटलं आणि ताप आला. लाइम आजार निघाला. वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळालं म्हणून निभावलं. या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन फवारा, घरी येताच सगळं अंग तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. मचाणावर चढताना पट्टा बांधल्याशिवाय पाय उचलू नका. बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घातल्याशिवाय रानात शिरू नका. दुसऱ्याच्या जमिनीवर विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि मांस खाण्याआधी तपासून घ्या. हरणांच्या मेंदूला पोखरणारा सीडब्ल्यूडी हा आजार विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला आणि आमच्या भागात तो बराच पसरला आहे. आजारी निघालेलं मांस खाऊ नये, असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

२०१८ च्या वसंतात आम्ही तिघांनी मिळून नकाशा काढला. बैठकीपासून दोनशे पावलं खाली, मक्याच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला, संध्याकाळची हवा नाल्याकडे वाहते अशा जागी नातवाचं मचाण बांधलं. त्यानंतर आठ महिने सोंडेवर कुणी पाऊल टाकलं नाही. मला फार वेळा मोह झाला. तो नर अजून आहे का, हे एकदा तरी बघावं, असं वाटायचं. मी गेले नाही.

हंगामाच्या दुसऱ्या संध्याकाळी उजेड जायच्या आधी एक हरीण आपल्या सवयीने उठलं, आळस देऊन त्या वाटेने चालत खाली आलं. एकच गोळी वाजली. मी आणि आजोबा वर पोहोचलो तेव्हा पोरगा हरणाच्या मानेवर हात ठेवून गप्प बसला होता. आम्हीही त्याच्याजवळ टेकलो. वर सोंडेकडे पाहिलं, तर पानं जशीच्या तशी होती.