ताटांतील अन्न व शिवारांतील जमीन

आपल्या भागांत पिकलेलें अन्न खावें, दुरून आलेलें टाळावें, असा उपदेश आजकाल पुष्कळ ऐकूं येतो. तो कितपत खरा आहे व कल्याण, मुरबाड, शहापूर या बाजूच्या शेतकऱ्यानें त्यांतून काय घ्यावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम वाहतुकीचा हिशेब पाहूं. पूर व नेमेचेक या दोन अभ्यासकांनीं ११९ देशांतील सुमारें ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ सालीं प्रसिद्ध केली. तीवरून असें दिसतें कीं, अन्नापायीं उष्णता धरून ठेवणारे जे वायू हवेंत जातात, त्यांत वाहतुकीचा वांटा दशांशाहूनही कमी असतो. मोठा वांटा शेतांत व गोठ्यांत पडतो. विमानानें येणारीं नाजूक फळें व भाज्या हा मात्र अपवाद होय.

तेव्हां जवळचें तें सर्व निर्दोष, असें म्हणतां येत नाहीं. आपलें भाताचें खाचरच पहा. त्यांत पाणी तुंबून राहिलें म्हणजे मातींतील हवा नाहींशी होते, व हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतू कुजणाऱ्या पदार्थांपासून मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या मानानें हा वायू वजनास वजन धरतां कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७ पट उष्णता धरतो. वाड्याच्या कोलमास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण हा नियम त्यासही लागूच आहे. जेथें पाटाचें पाणी हातांत आहे, तेथें खाचर मधून मधून कोरडें केल्यास मिथेन बराच कमी होतो. पावसाच्या भातास हा उपाय पुरतेपणीं करतां येत नाहीं.

मग जवळचें खाण्यांत लाभ कोणता? मुख्य लाभ जमिनीचा आहे. नाचणी व वरी हीं धान्यें वरकस जमिनींत, उतारावर, पाणी न तुंबवितां येतात. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतो. त्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनीस मिळवून देतात. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. तांदळांत तें फारच थोडें.

महसूल खात्यांत कारकून असतां पीकपाहणीच्या नोंदींत मीं असें पाहिलें कीं, नाचणीच्या जागीं प्रथम गवत येई, मग पड, आणि कांहीं वर्षांनीं बिनशेतीचा हुकूम. मालक आळशी नव्हते. घरीं नाचणी कोणी खात नसे व बाजारांत तिला गिऱ्हाईक नव्हतें; जिचें उत्पन्न नाहीं ती जमीन राखावी कोणीं? माझ्याही घरांत भाकरी जाऊन पोळी आली, तेव्हां त्या नोंदींस माझाही हातभार लागलाच.

२०११ च्या खानेसुमारींत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दींत बारा लाखांवर वस्ती भरली. एवढें गिऱ्हाईक दाराशीं असतां वरकस जमीन पड राहावी, हें आपल्यास शोभत नाहीं.

सबब शेतकरी बंधूंनीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, आठवड्यांतून दोन-तीन वेळां तरी स्वतःच्या ताटांत नाचणीची भाकरी व वालाचें बिरडें असावें. जें आपण खात नाहीं तें दुसऱ्यास घ्या म्हणून सांगतां येत नाहीं. दुसरी, दोन-चार खातेदारांनीं मिळून नाचणी व वाल निवडून, वाळवून, शहरांत एकत्र विकावा. तिसरी, अन्न वायां घालवूं नये. २०२२ सालीं जगांत ग्राहकांपर्यंत पोंचलेल्या अन्नापैकीं सुमारें १९ टक्के वायां गेलें, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. आणि कचऱ्याच्या ढिगांत कुजणारें अन्न पुन्हां मिथेनच देतें.

अन्न किती कोसांवरून आलें, हें विचारावें; परंतु तें कसें पिकलें व त्यामुळें कोणाची जमीन पिकाखालीं राहिली, हें त्याच्याही आधीं विचारावें.