हाताच्या थरथरीची काळजी सोड

अगं, तुझं एकच पालुपद चाललंय, माझा हात स्थिर नाही, मला एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक भाग, जोडायला जमणार नाही. ऐक माझं. या कामात हातापेक्षा सोल्डरच जास्त राबतं. नीट वितळलेलं सोल्डर पॅडवर आपोआप पसरतं, आणि दोन्ही टोकांचं एकाच वेळी वितळलेलं असेल तर पृष्ठताणाने थोडा तिरका बसलेला रेझिस्टर जागेवर ओढूनही घेतं. मात्र पॅड स्वच्छ हवं आणि फ्लक्स सढळ हाताने लावायला हवा. नवशिक्या मुली सोल्डर भरमसाट घालतात आणि फ्लक्समध्ये काटकसर करतात. तू नेमकं उलट कर.

सुरुवात ०८०५ आकाराच्या रेझिस्टरने कर. तो मोहरीएवढा, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर लांब असतो. त्याहून बारीक ०४०२ चा हट्ट इतक्यात नको. आधी एकाच पॅडवर थोडं सोल्डर घे. चिमट्याने रेझिस्टर धर, ते सोल्डर पुन्हा वितळव, रेझिस्टर आत सरकव आणि आयर्न उचल. सोल्डर घट्ट होईपर्यंत चिमटा सोडू नकोस. मग दुसरी बाजू. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेव आणि दोन-तीन सेकंदांत आटोप. सिरॅमिक कपॅसिटर अचानक तापला की त्याला बारीक तडा जाऊ शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. शिवाय त्यावर मूल्य छापलेलं नसतं. म्हणून पट्टीतून एका वेळी एकच काढ, तो लाव, मगच दुसरा.

आयसीला तर तू उगाच घाबरतेस. पहिल्या पिनची खूण जुळव, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना टाचून घे आणि भिंगाखाली सगळ्या पिना पॅडवर आहेत ना, ते बघ. तिरकी बसली असेल तर याच वेळी सुधार. मग ओळीवर फ्लक्स लाव आणि चपट्या बिटवर थोडंसं सोल्डर घेऊन सावकाश ओढत ने. दोन पिना चिकटल्या तर तांब्याची विक ठेव, वरून आयर्न टेकव, जादा सोल्डर ती शोषून घेईल.

सोल्डर ६३/३७ चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं घे. ते १८३ अंशांना एकदम वितळतं, अर्धवट मऊ राहत नाही. बिनशिशाचं साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं. युरोपने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध घातले, म्हणून भंगारातल्या अलीकडच्या बोर्डांवरचे भाग निघताना त्रास देतात. तिथे आधी आपलं शिशाचं सोल्डर त्या जोडात मिसळ, मग काढ.

आता जे सांगते ते मनावर घे. शिसं हाताला लागतं, ते पोटात जाता कामा नये. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम अजिबात नाही, आणि चहाला हात लावण्याआधी साबणाने धुवायचे. धूर असतो तो फ्लक्सचा, राळेचा. त्याने दम्याचा त्रास होऊ शकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खिडक्या बंद करून बसायची सवय आहे. खिडकी उघडी ठेव आणि कॉम्प्युटरचा जुना छोटा पंखा असा लाव की धूर तुझ्या तोंडापासून बाहेर जाईल. पुण्यातल्या कोरड्या थंडीत सिंथेटिक कपडे घालून आयसी हाताळू नकोस, स्थिर विजेने ती मरू शकते. सुती घाल आणि आयर्नची पिन अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लाव.

खरेदीला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा. अर्धा मिलिमीटर जाडीची सोल्डर वायर, इलेक्ट्रॉनिक्सची रोझिन पेस्ट, विक आणि चपटी बिट एवढं पुरे. नळकामाची आम्लाची पेस्ट कुणी दिली तर घेऊ नकोस, ती तांबं खाते. पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचव, पण तापमान ठरवता येणारं आयर्न आणि चिमटा चांगला घे. चिमट्याची टोकं उजेडाकडे धरून जुळवून बघ. मध्ये फट दिसली तर दुसरा मागायचा, संकोच करायचा नाही.