विश्वासाविषयी वाद कसा करावा?

शास्त्रभाग : प्रे. कृत्ये १७:१०-१२, १ थेस्सल. ५:२१; १ पेत्र ३:१५.

शहरात नोकरीस असलेल्या आमच्या मंडळीतील एका तरुणास मॉर्मन पंथाचे दोघे प्रचारक भेटले. तो आम्हांस म्हणाला, “पाळकसाहेब, त्यांचे आचरण स्वच्छ आहे, मद्य राहो, ते चहादेखील घेत नाहीत. आमचा ग्रंथ वाचून प्रार्थना करा, म्हणजे अंतःकरणात साक्ष मिळेल, असे ते सांगतात. आपणही अंतःकरणातील साक्षीविषयीच बोलतो. मग त्यांची खोटी व आपली खरी, हे कशावरून?” प्रश्न प्रामाणिक होता. धाक घालणे हे त्याचे उत्तर नव्हे.

१. जे तपासता येते ते तपासावे. जोसेफ स्मिथ याने १८३० साली अमेरिकेत हा पंथ स्थापिला. मॉर्मनाचे पुस्तक सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतरिले, व ते पत्रे देवदूताने परत नेले, असे तो सांगे. तेव्हा ते पत्रे कोणास तपासता येत नाहीत. परंतु त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथाची गोष्ट निराळी आहे. १८३५ साली ओहायो प्रांतातील कर्टलंड गावी एक फिरता व्यापारी मिसर देशातील चार ममी व पपायरसाच्या गुंडाळ्या घेऊन आला. स्मिथ व त्याचे सोबती ह्यांनी ते सर्व २,४०० डॉलरांस घेतले. त्यांत अब्राहामाने स्वहस्ते लिहिलेला मजकूर आहे, असे सांगून स्मिथाने १८४२ साली ‘अब्राहामाचे पुस्तक’ प्रसिद्ध केले. पुढे त्या गुंडाळ्या शिकागोच्या १८७१ च्या आगीत नष्ट झाल्या, असा समज झाला. तथापि १९६७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांचे उरलेले तुकडे मॉर्मन मंडळीच्या हवाली केले. मिसरी लिपी जाणणाऱ्या पंडितांनी ते वाचले, तो ते मृतांबरोबर ठेवावयाचे मंत्र निघाले; तेही अब्राहामानंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेले!

२. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकावे. ह्या तुकड्यांवरील अक्षरे व स्मिथाचे भाषांतर ह्यांचा मेळ बसत नाही, हे मॉर्मन मंडळीने २०१४ साली स्वतःच्या लेखात मान्य केले. मूळ भाग हरवला असावा, असे त्यांच्यातील कित्येक म्हणतात; गुंडाळ्या केवळ निमित्त होत्या, प्रकटीकरण देवाकडून झाले, असे दुसरे म्हणतात. हे ऐकून घ्यावे, आणि मग नम्रतेने विचारावे : स्मिथाने स्वतः काय सांगितले होते?

३. तेच माप आपणांसही लावावे. मार्काच्या शुभवर्तमानातील १६:९-२० ही वचने चौथ्या शतकातील दोन अति प्राचीन हस्तलिखितांत नाहीत. ही गोष्ट आम्ही सेमिनरीत शिकलो; परंतु लोकांचा विश्वास डळमळेल ह्या भयाने मंडळीत कित्येक वर्षे बोललो नाही. हा आमचा दोष होय. ज्यास स्वतःच्या घरातील दिवा लावण्याचे भय वाटते, त्याने शेजाऱ्याच्या घरातील अंधार दाखवू नये.

त्या तरुणास आम्ही सांगितले : अंतःकरणातील साक्ष मोलाची आहे, पण पपायरसावर काय लिहिले आहे हे ती सांगू शकत नाही. आपला विश्वास पिलाताच्या अमदानीत घडलेल्या गोष्टींवर उभा आहे. म्हणून चौकशीस आपण नाही म्हणता कामा नये. चौकशीने सर्व काही सिद्ध होईल असे नाही. प्रभूचे पुनरुत्थान आपण विश्वासानेच धरितो. परंतु जो विश्वास प्रश्नास भितो, तो अगोदरच अर्धा गेलेला असतो.

४. माणसास दुखवू नये. १८३८ साली मिसूरी प्रांताच्या गव्हर्नराने मॉर्मन लोकांस हाकून द्यावे अथवा त्यांचा नायनाट करावा, असा हुकूम काढिला. १८४४ साली कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथास ठार केले. त्या गोळ्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. शंभराहून अधिक वर्षांनी ते काही जीर्ण तुकडे व धीराने वाचणारे डोळे ह्यांनी दिले.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न : (१) बिरुयाकरांनी पौलाचे बोलणे कसे पारखिले? (२) आपण कोणता प्रश्न ऐकण्यास भितो? (३) भिन्न मताचा मनुष्य दारी आला, तर त्याचा आदर कसा कराल?