चाकांची खुर्ची आणि घराचे जोते
कर्जत-खालापुराकडे पाऊस फार, म्हणून आम्ही घरांची जोती उंच बांधतो. पाय मोडून काही आठवडे चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यास मात्र तेच जोते गडासारखे होते. २०१६ सालच्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांस जाता यावे असे ठरविले. घरचा उतार आम्हांसच बांधावयाचा आहे. १ फूट उंचीस १२ फूट लांबी धरावी. उतरविताना खुर्ची पाठमोरी न्यावी. बसविण्याउठविण्यापूर्वी तिचा ब्रेक लावावा. न विचारता ती ढकलू नये. पाय बरा झाला म्हणजे खुर्ची परत जाईल. पण उतार मोडू नये. ज्यांची खुर्ची कधीच सुटत नाही, ते शेजारी त्याच वाटेने आमच्या घरी येतील.