संगणकाची मेमरी वाढवली, आता तो पळेल का?

गेल्या महिन्यात पालकसभेत वर्गणी जमली. आमच्या शाळेचा संगणक फार हळू चालतो, म्हणून त्याची मेमरी वाढवायचे ठरले. माझ्या आईनेही दुधाच्या पैशांतून शंभर रुपये दिले. मेमरी बसवली त्या दिवशी संध्याकाळी आईने विचारले, "काय गं, पळतो का आता तुमचा कॉम्प्युटर?" मला पटकन उत्तर देता आले नाही. कारण उत्तर थोडे 'हो' आणि थोडे 'नाही' असे आहे. तेच मी इथे लिहिते.

मेमरी म्हणजे काय?

संगणकात काम करणारा असतो तो प्रोसेसर. सगळे सामान कायमचे ठेवायचे कपाट म्हणजे हार्ड डिस्क. आणि चालू कामाचे सामान तेवढ्यापुरते मांडून ठेवायची जागा म्हणजे मेमरी. तिलाच रॅम म्हणतात. लाइट गेली की रॅममधले सगळे पुसले जाते, हार्ड डिस्कमधले राहते. म्हणून गुरुजी सारखे सांगतात, "आधी सेव्ह करा!"

हे मला बाबांमुळे नीट समजले. माझे बाबा चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. पूर्वी त्यांच्या मशीनजवळ लहान टेबल होते. त्यावर जॉब, टूल, व्हर्नियर सगळे मावत नसे. एक वस्तू ठेवायची तर दुसरी स्टोअरमध्ये नेऊन ठेवायची, आणि लागली की परत आणायची. मग मोठे टेबल मिळाले. बाबांच्या फेऱ्या वाचल्या. पण लेथ होती तेवढ्याच वेगाने फिरत राहिली. मित्रांनो, टेबल म्हणजे रॅम, स्टोअर म्हणजे हार्ड डिस्क आणि लेथ म्हणजे प्रोसेसर. टेबल मोठे केले म्हणून लेथ काही जोरात फिरत नाही.

आम्ही केलेला प्रयोग

आमच्या संगणकात २ जीबी मेमरी होती. गुरुजींनी आणखी २ जीबीची पट्टी बसवली, म्हणजे एकूण ४ जीबी झाली. विकत घेण्याआधी त्यांनी जुनी पट्टी कोणत्या जातीची आहे ते पाहिले. डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ ची पट्टी बसत नाही, कारण दोघींची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते.

वेळ मोजायला आम्ही पाढे म्हटले. आधी एकदा आणि पट्टी बसवल्यावर एकदा.

१) संगणक सुरू करणे. आधी बे पासून बारापर्यंतचे पाढे म्हणून व्हायचे. नंतरही बारापर्यंतच झाले! माझा चेहराच पडला. आईचे शंभर रुपये वाया गेले असे वाटले.

२) नुसते चित्र काढणे. आधी आणि नंतर सारखेच.

३) चित्र, मराठी टायपिंग आणि धड्याचा व्हिडिओ तिन्ही उघडे ठेवून एकातून दुसऱ्यात जाणे. आधी प्रत्येक वेळी चारचा पूर्ण पाढा व्हायचा आणि आतून करकर आवाज यायचा. नंतर 'बे एके बे' म्हणेपर्यंत चित्र समोर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

असे का झाले?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी किती भरली ते त्यात दिसते. आधी तीन कामे उघडली की मेमरी जवळजवळ भरून जाई. जागा संपली की संगणक काही सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, पुष्कळ संगणकांत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. ऐकायला हे खूप वाटते, पण रॅमपुढे ती फारच हळू. आता त्या फेऱ्या वाचल्या. संगणक सुरू होताना मात्र सगळे सामान कपाटातूनच काढावे लागते, म्हणून तिथे पाढे तेवढेच राहिले.

मग आणखी पट्ट्या टाकायच्या का?

वर्गातला एक जण म्हणाला, "गुरुजी, आठ जीबी करून टाका की!" गुरुजींनी टास्क मॅनेजर दाखवला. तिन्ही कामे उघडी असूनही जागा शिल्लक होती. अर्ध्या रिकाम्या टेबलाशेजारी दुसरे टेबल कशाला? शिवाय आमची विंडोज ३२ बिटांची आहे. ती ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरत नाही. कंपनीत यंत्रांचे मोठे नकाशे करायला जास्त मेमरी लागते, आम्हाला नाही.

गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला. त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे ती फक्त १० केबी झाली. आमची ४ जीबी तिच्या सुमारे ४ लाख पट आहे! तरी त्यावर शास्त्रज्ञ मोठमोठी गणिते सोडवत. म्हणजे काम पाहून मेमरी घ्यावी.

मला काय समजले?

मेमरी कमी पडत असेल तर वाढवल्यावर फरक पडतो. पुरत असेल तर नुसती वाढवून काही होत नाही. म्हणून आधी टास्क मॅनेजर बघावा, मग पैसे द्यावेत.

पालकांनो, तुमची वर्गणी वाया गेली नाही. आता चित्र आणि टायपिंग शेजारी शेजारी चालते. संगणक लवकर सुरू व्हायला हवा असेल तर तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी लागेल. तिच्यात फिरणारे काही नसते. वर्गणीतले पैसे थोडे उरले आहेत. ते त्यासाठी साठवून ठेवावेत असे मला वाटते. तोपर्यंत आमचे बारापर्यंतचे पाढे मात्र पक्के होतील.

इयत्ता चौथी