सहस्रकुंडाची कमान आणि संगणकाचा लोलक

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात इस्लापूर नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच पैनगंगा नदी काळ्या कातळावरून खाली झेपावते. हाच सहस्रकुंडाचा धबधबा. नदीच्या एका तीरास नांदेड जिल्हा, तर दुसऱ्या तीरास यवतमाळ. पावसाळ्यात नदी फुगली, म्हणजे तुषारांचे धुके वर उठते. आणि अशा वेळी ऊन पडले व सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असला, तर त्या धुक्यात इंद्रधनुष्याची कमान उमटते. तांबडा रंग बाहेरच्या अंगास आणि जांभळा आतल्या अंगास. पाहणारा दोन पावले सरकला, की कमानही सरकते. कारण ती पाण्याला चिकटलेली नसते. सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेपासून सुमारे ४२ अंशांवर तांबडा रंग दिसतो, सुमारे ४० अंशांवर जांभळा.

आता ही कमान संगणकाच्या पडद्यावर कशी उमटवावी बरे? सोपा मार्ग असा, की सात रंगांचा पट्टा आधीच रंगवून ठेवावा आणि हवा तेथे चिकटवावा. पुष्कळ चित्रकार असेच करतात. असे चित्र सुंदर असेल, परंतु ते खरे नव्हे. पाहणारा हलला तरी पट्टा जागचा हलणार नाही, आणि लोलक फिरविला तरी त्यास त्याची वार्ताही नसेल!

खरा मार्ग न्यूटनच्या खोलीतून जातो. १६६६ च्या सुमारास न्यूटनने खिडकीच्या छिद्रातून आलेला सूर्यकिरण काचेच्या लोलकावर घेतला. समोरच्या भिंतीवर 'तानापिहिनिपाजा' हा क्रम उमटला. १६७२ साली त्याने आपले मत प्रसिद्ध केले: रंग काचेतून येत नाहीत, ते पांढऱ्या प्रकाशातच असतात, काच त्यांना केवळ वेगळे करते. काचेत शिरताना प्रत्येक रंगाचा किरण निराळ्या प्रमाणात वळतो. हे प्रमाण दर्शविणाऱ्या संख्येस अपवर्तनांक म्हणतात. नेहमीच्या क्राऊन काचेत तांबड्या रंगाचा अपवर्तनांक सुमारे १.५१, तर जांभळ्याचा सुमारे १.५३ असतो. फरक किती थोडा! ६० अंशांच्या लोलकातून बाहेर पडताना तांबड्या आणि जांभळ्या किरणांत जेमतेम दीड अंशाचे अंतर पडते. तरी दोन मीटर दूरच्या भिंतीवर तेवढ्याने सुमारे पाच सेंटीमीटरचा पट्टा पसरतो.

संगणकास हेच शिकवावे लागते. १९८० साली टर्नर व्हिटेड यांनी किरणांचा माग काढून चित्र रचण्याची प्रसिद्ध रीत मांडली. डोळ्यापासून उलट निघालेला किरण काचेवर कोठे आदळतो, किती वळतो, पुढे कोठे जातो, हे संगणक मोजीत जातो. मात्र काचेस एकच अपवर्तनांक दिला, तर सारे रंग सारखेच वळतात, आणि लोलकातून रंग फुटतच नाहीत. हा दोष दूर करण्यासाठी १९८६ साली स्पेन्सर थॉमस यांनी रंगांप्रमाणे किरण वेगळे वळविण्याची युक्ती दिली. १९८९ साली केंटन मसग्रेव्ह यांनी तर लोलक आणि इंद्रधनुष्य या दोहोंचाही विचार केला.

येथे एक गंमत आहे. संगणकाचा पडदा तांबडा, हिरवा आणि निळा या तीनच रंगांतून सारे रंग घडवितो. मग तीनच किरण वळविले तर पुरे नाही का? नाही. भिंतीवर तीन सुटे पट्टे पडतील. मधला नारिंगी आणि पिवळा रंग क्रमाक्रमाने उमटणार नाही. म्हणून प्रत्येक किरणास एखादी तरंगलांबी यदृच्छेने दिली जाते. असे असंख्य किरण पाठविले, की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा सलग भरत जातो. त्यातील प्रत्येक तरंगलांबी माणसाच्या डोळ्यास कशी दिसते, याची कोष्टके १९३१ साली ठरविण्यात आली. त्यांच्याच आधारे तिचे पडद्याच्या तीन रंगांत रूपांतर होते.

किरण थोडे पाठविले, तर पट्टा रंगीत वाळू विखुरल्यासारखा ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. किरण वाढविले, की ठिपके विरतात, पण वेळही वाढतो. भिंतीवरच्या पट्ट्याची आणखी एक अडचण असते: भिंतीवरून उलट निघालेला किरण लोलकातून जाऊन नेमका सूर्यास गाठील, असे क्वचितच घडते. म्हणून अशा चित्रांत काही किरण सूर्याकडूनच सोडतात आणि ते भिंतीवर कोठे पडले, याची नोंद ठेवतात.